वस्तादांचे दोन दात

२९ एप्रिल १९३७, उमरेड
आजही पुढे चंपतराव, मागे मी. सहा वर्षं हेच! म्हातारा वरातीत आमच्या बँडाकडे तोंड करून उलटा चालतो, पितळी कॉर्नेट फुंकतो, भुवईनं सगळ्यांना ताल दाखवतो. लोक त्यालाच बघतात. मीही कॉर्नेटच वाजवतो, पण माझं खरं काम वेगळं. त्याच्या पाठीमागचा रस्ता बघायचा. दगड आला की उजवा पाय आपटायचा, खड्डा आला की डावा. डोळे सारखे त्याच्या टाचांवर.

३० एप्रिल
पुन्हा टाचा.

२ मे, नागपूर
बँडचे मालक गणपतराव सगळ्यांसमोर म्हणाले, "आठ तारखेले खाप्याच्या मालगुजाराच्या घरची वरात हाये, मानूस लय नखऱ्याचा. चंपतराव, जमते ना तुमाले? नाही तं या मार्तंडले करतो पुढं."
म्हातारा हसला. "त्याची फुंक कच्ची हाये अजून, मालक."
ढोलवालासुद्धा हसला. ज्यानं मला शिकवलं तोच असं बोलतो. रात्री जेवण गेलं नाही.

५ मे, सावनेर
आज सापडलं! विहिरीमागे चंपतराव तोंडातून काहीतरी काढून धूत होते. वरचे पुढचे दोन दात — कवळी. मला पाहून ओशाळले.
"सांगू नोको गा कोणाले. याच्याबिगर ओठ बसत नाही. सारी हवा निंघून जाते."
"नाही सांगत, वस्ताद."
नाहीच सांगितलं. शब्दाचा पक्का आहे मी.

७ मे, खापा
म्हातारा सकाळी कन्हान नदीवर आंघोळीला गेला. कवळी टॉवेलात गुंडाळून दगडावर ठेवलेली. उचलली, आणि माझ्या लाल कोटाच्या अस्तरात शिवून टाकली. दोरा पांढराच मिळाला.
दुपारभर चंपतराव गुडघे टेकून वाळू चाळत होते. मीही शोधू लागलो. "नदीनं नेली असंन, वस्ताद." हसू आवरेना, म्हणून पाण्यात बुडी मारली.
संध्याकाळी मालकांसमोर तोंड उघडावं लागलं. गणपतराव बघतच राहिले. मग म्हणाले, "बोळक्या तोंडानं काय वाजवता? उद्या गॅसबत्ती घ्या डोक्शावर." चोवीस वर्षं पुढे चाललेल्या माणसानं छातीवरचा बिल्ला काढून माझ्या हातात दिला.
माझ्या टाचा कोण बघणार, हा प्रश्न आला. मीच म्हटलं, "वस्तादच पाहतीन. त्याइले रस्त्याची सवय हाये."
आपल्या टाचा त्यांना बघायला लावायच्याच होत्या मला. एकदा तरी!

८ मे, खापा
तोंडात कापूस आहे. लिहिता येतं, तेवढं तरी बरं.
गोरजाला वरात निघाली. मी पुढे. पहिली दोन गाणी अशी वाजली की मालगुजारानं दाद म्हणून फेट्याला हात लावला. समोर चंपतराव, डोक्यावर बत्ती, नजर खाली माझ्या टाचांवर. पाय एकदाही आपटला नाही. मला वाटलं, रस्ता साफ आहे.
मांडवाच्या तोंडाशी कोणी बैलगाडी सोडून ठेवली होती. तिच्या जमिनीला टेकलेल्या दांड्यात, धुरीत, पाय अडकला. सावरायला वळलो तो तोंडावरच पडलो, कॉर्नेट ओठांतच. वरचे पुढचे दोन्ही दात गेले.
बाया खिदळल्या. घोड्यावरचा नवरदेवही हसला. बँड थांबला.
चंपतरावांनी बत्ती सावकाश खाली ठेवली. जवळ बसले. मला वाटलं, उचलतील. कानाशी वाकून म्हणाले, "लाल कोटाले पांढरा दोरा काहून लावला गा? माहे दोन तिथंच हायेत. घालून पाह्य."
सकाळी माझ्या कोटाला बिल्ला म्हाताऱ्यानंच टाचला, तेव्हाच अस्तरावरचा दोरा दिसला असणार. तरी दात मागितले नाहीत. धुरी दिसत होती, तरी बोलला नाही.

९ मे
घालून पाहिले. बसत नाहीत. नदीत फेकून आलो.