दाराशी कोण उभं राहणार

बनशंकरी, बेंगळुरू
१२ जानेवारी २०२५

ती. प्रमोदिनी मावशीस, साष्टांग नमस्कार.

फोनवर तुला नीट ऐकू येत नाही आणि हे ओरडून सांगण्यासारखं नाही, म्हणून लिहितेय. वादिराजला लग्नाआधीच सगळं सांगितलं, की मला जन्मापासून लघवी आपली आपण होत नाही, सातव्या वर्षी डॉक्टरांनी अपेंडिक्सची वाट करून मूत्राशयापासून बेंबीशी आणली, तिथून मी दर चार तासांनी नळी घालते. तो म्हणाला, इतकी वर्षं ऑफिसात शेजारी बसून मला पत्ता नाही. त्रास म्हणशील तर मधे एकदा बेंबीशी केलेलं ते छिद्र आवळून अरुंद झालं होतं तेवढंच. परवाच्या तपासणीत मूत्रपिंडं ठणठणीत निघाली.

घोर लग्नाचा आहे. त्यांच्यात वधू सकाळपासून मडीत, म्हणजे सोवळ्यात बसते. मधे उठलं की मडी मोडते. भटजी भीमाचार्य फार कडक आहेत म्हणे. वादिराजच्या अम्मांना सांगू का?

तुझी माया अशीच राहू दे.
आसावरी

बेळगाव
२० जानेवारी

चि. आसावरीस अनेक आशीर्वाद.

अजिबात सांगू नकोस. मागच्या स्थळानं ऐकलं आणि कसं तोंड फिरवलं, ते मी विसरले नाही. बरं, रेटून बसशील म्हटलं तर तेही नको, किडन्यांशी खेळ नको गं. मेला हा पाय प्लास्टरमध्ये, मला येता येत नाही. नाहीतर शाळेत संडासाची कडी मोडली होती तेव्हा कशी दाराशी उभी राहायचे, तशी राहिले असते. मला काही सुचेना झालंय बघ.

वेळेवर जेव. तुझ्या पत्राकडे डोळे लावून बसलेली,
मावशी

राजाजीनगर, बेंगळुरू
१८ फेब्रुवारी

ती. मावशीस, नव्या घरातून साष्टांग नमस्कार.

रागावू नकोस, मी अम्मांना सांगितलं होतं. ऐकून त्या स्वयंपाकघरात गेल्या, कॉफी घेऊन आल्या आणि दुखतं का, एवढंच विचारलं. मी नाही म्हटल्यावर ‘सरी’, म्हणजे ‘बरं’, म्हणाल्या.

लग्नात त्यांनी भीमाचार्यांना बेधडक सांगितलं, की आमच्या घराण्यात वधूला मधून मधून आत नेऊन कुलदेवतेला नमस्कार करवतात. कुळाचार म्हटल्यावर ते काय बोलणार? आत बादलीभर पाणी आणि मडीची दुसरी साडी तयार होती. दाराला चांगली कडी होती, तरी अम्मा बाहेर उभ्या. चुलत सासूबाई आरती घेऊन आत यायला निघाल्या, त्यांना कन्नडमध्ये असं दटावलं की विचारू नकोस. मी आत नळी घालता घालता हसले आणि मग रडलेही. मला शाळा आठवली, तू आठवलीस.

गंमत म्हणजे त्याच चुलत सासूबाई आता त्यांच्या मुलीच्या, हर्षिताच्या लग्नातही हा कुळाचार करायचा म्हणून अडून बसल्यात.

पायाला जप, मला विसरू नकोस.
तुझीच आसावरी

बेळगाव
२६ फेब्रुवारी

चि. आसावरीस अनेक आशीर्वाद.

चुकलंच माझं, बरं झालं ऐकलं नाहीस. अम्मांना इरकल साडी पाठवतेय. दाराशी उभं राहायची माझी जागा आता त्यांची, असं त्यांना तुझ्या कन्नडमध्ये नीट सांग.

तुझी, आणि आता त्यांचीही,
प्रमोदिनी