कपाटावर काय असायचं

शनिवार, ८ नोव्हेंबर

प्रिय दादा,

नमस्कार. तू, वहिनी आणि दोन्ही पोरं ठणठणीत असाल असं धरून चालते. तुझा गुडघा काय म्हणतोय? वहिनी सांगत होती, जिना चढताना तू मनातल्या मनात शिव्या देतोस आणि वर पोचलास की 'काही नाही, काही नाही' म्हणतोस. दाखवून घे एकदा. फोनवर तू सापडत नाहीस, आणि सापडलास तरी 'हं, हं'च्या पुढे जात नाहीस, म्हणून लिहायला बसले. पत्र निदान पूर्ण वाचतोस.

माझं बरं चाललंय. अजूनही तळहाताएवढ्या फळ्यांवर खोल्याच काढते. खुर्ची, दिवा, पलंगाच्या पायथ्याशी टाकलेली शाल, खिडकीत झोपलेलं मांजर. आधी सगळ्या फळीवर पिवळ्या रंगाचा हात मारायचा, मग कोपऱ्यांतून अंधार भरत आणायचा आणि दिव्याजवळ आलं की थांबायचं. इतक्या वर्षांत शिकले ते एवढंच, कुठे थांबायचं. फ्रेमवाला मात्र डोकं खातो. परवा म्हणाला, "बाई, एखादा माणूस टाका हो आत. गिऱ्हाईक विचारतं, खोली भाड्याने द्यायची आहे का?" मी म्हटलं, माणूस आत्ताच उठून आत गेलाय, येईल. तर म्हणतो, "मी दुकान टाकल्यापासून ऐकतोय, अजून काही आला नाही."

नवीन म्हणजे, एका रुग्णालयाचं काम घेतलंय. जिथून पेशंट सहसा घरी जात नाहीत, तसलं. वाटतं तितकं उदास नाही तिथे. टीव्हीच्या रिमोटवरून रोज भांडणं होतात. तिथल्या मोठ्या सिस्टरांच्या मनात आलं की प्रत्येक पलंगासमोर त्या त्या माणसाला हवी ती खोली टांगायची. मी पेन्सिल घेऊन बसते, ते सांगतात, घरी येऊन मी रंगवते. एका निवृत्त बस कंडक्टरांनी घर मागितलंच नाही, डेपोतली आरामखोली मागितली. बाकडं, खुंटीवरच्या टोप्या, पत्त्यांचा अर्धा राहिलेला डाव. "घरी कोण विचारत होतं मला," म्हणाले. कपडे शिवणाऱ्या एका बाईंनी स्वयंपाकघर सांगितलं आणि डावीकडच्या भिंतीत खिडकी काढायला लावली.

"तिथे होती का खिडकी?"

"नव्हती. ह्यांनी कधी पाडू दिली नाही. आता काढा."

काढली. चांगली ऐसपैस काढली.

शेवटच्या खोलीतल्या गृहस्थांचं काम जरा रेंगाळलंय. बोलतात कमी, पण नेमकं. मी कागदावर भिंती आखायला लागले तर मला थांबवून म्हणाले, "आधी दार आत उघडतं की बाहेर ते ठरवा, मग बाकीचं." त्यांच्याबद्दल पुढे कधीतरी.

हं, तुला एक विचारायचं होतं. आपल्या जुन्या दोन खोल्यांतली बाहेरची खोली तुला कितपत आठवते? मी काढायला बसले तर मला टेबलाची खालची बाजू आठवते, वाकलेल्या खिळ्यासकट. वरचं काहीच नाही. खिडकी आठवते, खिडकीतून काय दिसायचं ते नाही. मी होतेच केवढी. तू उंच होतास. कपाटावर काय असायचं?

सवडीने कळव. घाई नाही. म्हणजे, अगदी सवडीनेही नको.

तुझी,
बुटकी


रविवार, २३ नोव्हेंबर

प्रिय दादा,

तुझं पत्र पोचलं. डॉक्टरकडे जाऊन आलास हे बरं केलंस.

कपाटावर नकाशांच्या गुंडाळ्या, त्यांच्यामागे आईची पत्र्याची पेटी, पेटीआड तू लपवलेला बॉल. खिडकीतून लाँड्रीची पाटी, तिच्यातलं एक अक्षर गळालेलं. घड्याळाखाली ओल आलेली, तिचा आकार बदकासारखा. दादा, मला वाटायचं तू ते घर केव्हाच पुसून टाकलंयस. आणि सगळ्यात खाली तुझी ती एक ओळ: 'दाराबद्दल असं बोलणारा एकच माणूस मी पाहिलाय. कशाला हवंय तुला हे सगळं?'

तुझा अंदाज बरोबर आहे. शेवटच्या खोलीत बाबा आहेत.

पत्र फाडायचं असेल तर आता फाड. मी पुढे लिहिते.

मी शोधत गेले नव्हते. व्हरांड्यात लावलेली माझी चित्रं बघून त्यांनीच सिस्टरांना सांगितलं, ह्या बाईंना माझ्याकडे पाठवा. मला एवढंच कळलं होतं की पाणीपुरवठ्याच्या कचेरीत नकाशे काढणारे कोणी आहेत. तिथेच उमगायला हवं होतं, पण असे पुष्कळ असतात. आत गेले. पलंगावर एक म्हातारा टॉवेलची घडी करत बसला होता, कडेला कड जुळवून. त्या घडीवरूनच मी ओळखलं. पेन्सिलीला टोक आहे का बघितलं आणि बसले.

ते मला 'अहो बाई' म्हणतात. मीही 'तुम्ही' म्हणते. 'ए बाबा' करत ज्याच्या पाठीवर चढायचो, त्याच्याशी मी बँकेतल्या माणसाशी बोलावं तशी बोलते. जमतं. तुला वाटतं तितकं अवघड नाही.

त्यांनी खोली सांगितली. आपली नाही, तिकडची, आपल्याला सोडून ज्या बाईंकडे गेले त्यांच्या घरातली. पिवळा पडदा, शिलाई मशीन, रेडिओ, दोन खुर्च्या एकमेकींकडे किंचित वळवलेल्या. खिडकीच्या कट्ट्यावर चष्मा, बायकी फ्रेमचा. त्या बाई जाऊन बरीच वर्षं झाली. मूलबाळ नाही. ते सांगत गेले, मी आखत गेले. संपल्यावर विचारलं, "आणि त्याच्या आधीचं घर?"

त्यांनी टॉवेल उशाशी ठेवला. मग म्हणाले, "ते तुम्हाला सांगावं लागणार नाही."

मी कोण ते त्यांनाही माहीत आहे, हे मला तेव्हा कळलं. चहा आला, आम्ही प्यायलो.

मी ती तिकडची खोली काढली. गेल्या कित्येक वर्षांत इतकं चांगलं काम माझ्या हातून झालेलं नाही. रंगवताना राग येईल म्हणून वाट बघत होते, पण चष्म्याच्या काचेवरचा उजेड साधण्यात दुपार निघून गेली आणि राग राहूनच गेला. आईने ती खोली डोळ्यांपुढे आणून आयुष्य काढलं, आणि मी तिच्यात दिवा लावला. याला काय म्हणायचं ते तू ठरव, मला ठरवता आलेलं नाही. चित्र हातात घेऊन त्यांनी पहिलं काय म्हटलं असेल? "दार उलटं उघडतंय." घरी आणून दार फिरवलं.

आता जे सांगायला हे पत्र लिहायला घेतलं ते. सिस्टरांनी मला बाजूला घेऊन विचारलं, ह्यांचं कोणी सापडत नाही, शेवटी बोलवायचं कोणाला? मी म्हटलं, मला.

"तुम्ही कोण लागता त्यांच्या?"

"मुलगी."

त्यांना नवल वाटलं नाही. तिथे रोज कोणाचं ना कोणाचं काहीतरी बाहेर येत असावं. मुलगा आहे का, हे त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. तुझ्या वतीने मी काय बोलणार? ते गेले तेव्हा मी नऊ वर्षांची होते आणि तू पंधराचा. दुसऱ्या दिवसापासून माझी वेणी तू घालायला लागलास, आणि इतकी घट्ट घालायचास की मुली विचारायच्या, तुझे डोळे असे का दिसतात? शाळेत पालकांच्या सभेला तू मोठ्यांच्या खुर्चीत ताठ बसायचास. आईचं शेवटचं दुखणं तूच काढलंस. बाप नसल्याचं मला फारसं जाणवलं नाही दादा, कारण तू होतास. तुला कोण होतं, हे मी आजवर कधी विचारलं नाही.

म्हणून 'ये' असं म्हणत नाही. आई गेली त्या दिवशी 'त्या माणसाचं तोंड बघणार नाही' असं तू बोललास ते मला आठवतं, आणि ते चूक होतं असंही मला वाटत नाही. फार दिवस उरलेले नाहीत, एवढं फक्त कळवते. रुग्णालय स्टेशनच्या मागे, पाण्याच्या टाकीला लागून. दुपारी चारनंतर भेटू देतात.

वहिनीला हे सांगायचं की नाही ते तू बघ.

तुझी,
बुटकी


सोमवार, ८ डिसेंबर

प्रिय दादा,

बाबा गेला. गुरुवारी सकाळी, चहाची ट्रॉली फिरत होती तेव्हा. मी जवळ होते. काही त्रास झाला नाही असं सगळे सांगतात, थोडा झाला. पुढचं सिस्टर आणि मी मिळून पार पाडलं. कंडक्टर चाकाच्या खुर्चीतून दारापर्यंत आले आणि टोपी काढून बसून राहिले. त्या दोघांची एका शब्दाचीही ओळख नव्हती.

तू येऊन गेलास हे मला सिस्टरांकडून कळलं. "तुमच्यासारख्याच कपाळाचे एक गृहस्थ आले होते. पेशंट झोपलेले होते. उठवू का म्हटलं तर नको म्हणाले. खुर्ची ओढून बसले ते बसलेच. औषधाची वेळ झाली तेव्हा त्यांच्या पायावरचं पांघरूण सरळ केलं आणि लंगडत गेले. नाव काही सांगितलं नाही." तो गुडघा घेऊन एवढा प्रवास केलास आणि माझ्याकडे चहालाही आला नाहीस. असू दे. त्या दिवशी कोणाशी बोलायला लागू नये असं मलाही वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी मी आपली खोली रंगवून घेऊन गेले. तू सांगितलेलं सगळं घातलं होतं. गुंडाळ्या, पेटी, भिंतीवरचं बदक. चष्मा लावून बाबाने ते खूप वेळ बघितलं. मग म्हणाला, "हे खालून काढलंयस. टेबलाखाली बसून."

काढलंयस. इतके दिवस 'घेतलंत', 'आणलंत' चाललं होतं. मी काही दाखवलं नाही. म्हटलं, "मला तेवढंच आठवतं. वरचं दादाने सांगितलं. पेटीमागे त्याने लपवलेला बॉलही आहे, पण तो खालून दिसत नाही."

"त्याने नाही लपवला. मी ठेवला होता वर. परीक्षा होती त्याची."

आता हे तुमचं तुम्ही बघा.

माफी वगैरे त्याने मागितली नाही. का गेलास, हे मीही विचारलं नाही. एक दिवस विचारायचंच असं ठरवून गेले होते, पण त्या दिवशी त्याला इतका खोकला होता की पाणी देण्यातच वेळ संपला. नंतर वाटलं, उत्तर मिळून तरी मी त्याचं काय केलं असतं?

तिकडच्या खोलीचं चित्र त्याच भिंतीवर आहे. तिथे आता एक शिक्षिका आल्यात. त्यांना दुसरं काढून देते म्हटलं, तर म्हणाल्या, हेच राहू दे, खुर्च्या छान आहेत. आपल्या खोलीचं माझ्याकडे आहे. तुला हवं असेल तर देईन, नको असेल तर तसं सांग, मला राग येणार नाही. फ्रेमवाल्याकडे अजून दिलेलं नाही.

एक राहिलं. ते तुला सांगावं की नाही, यात चार दिवस गेले, म्हणून हे पत्र उशिरा लिहिते आहे.

आपल्या खोलीचं चित्र दाखवलं त्याच दिवशी, मी निघताना, बाबा म्हणाला, "काल तो आला होता."

मी म्हटलं, "तुला काय माहीत? तू झोपला होतास."

"नव्हतो."

"मग डोळे का नाही उघडलेस?"

मी चपला घातल्या, पिशवी खांद्याला लावली. मग तो म्हणाला, "उघडले असते तर तो उठून गेला असता."

मी वाट बघत नाही, दादा. पण आलास तर घरीच असते.

तुझीच,
बुटकी