साठ नव्हे, तीस

प्रिय क्रांती,

‘प्रिय’ लिहिताना हात अडखळला, इतकी चिडलेय तुझ्यावर. चार दिवस फोन उचलत नाहीस. मेसेज वाचतेस आणि गप्प बसतेस. तुझ्या तानाबाई आत्या उद्या शिरोळला निघाल्यात, त्यांच्या पिशवीत हे पत्र टाकतेय. गणित सोडून भूगोल घ्यायचा अर्ज तू आबांच्या सहीसाठी नेलायस आणि तो शनिवारपर्यंत कॉलेजात द्यायचाय, हेही मला त्यांच्याकडूनच कळलं. कळंब्यात तू आत्यांकडं राहतेस, आपली दारं समोरासमोर, अकरावीत बाक एक, आणि एवढी गोष्ट मला आत्यांनी सांगावी? लाज वाटू दे जरा.

भूगोल वाईट नाही गं. पण इंजिनिअर व्हायचंय म्हणून अख्खा जून आबांशी भांडून तू कोल्हापूर गाठलंस, ते काय एका ग्राफपायी परत पळायला? अम्मीला सांगितलं, तर शिलाईचं मशीन थांबवून म्हणाली, “एवढी धीट पोरगी, आणि अशी कशी गेली?”

गणिताच्या सरांचा तर असा राग आलाय की त्यांचं नाव लिहायचीही इच्छा नाही. साइन (२x − ६०) चा ग्राफ काढायला तुला फळ्यापाशी बोलावलं. तू लाट साठ अंशांपासून सुरू केलीस. चूक झाली, तर चूक दाखवायची. हे म्हणतात, “शिरोळच्या मळीत ऊस येतोय पोरी, ग्राफ न्हाय. भूगोल घे की, नकाशे तरी रंगवशील!” सगळा वर्ग खिदळला. माणसाच्या हातात खडू दिला म्हणून त्याला अक्कल येतेच असं नाही. वर विचारलं, “कुणी शिकवलं तुला हे?” तू खाली बघत उभी राहिलीस. तोंडातून शब्द काढला नाहीस. सगळ्यात जास्त राग मला त्याचाच आलाय.

आदल्या संध्याकाळचं आठवतं ना? अम्मीच्या ब्लाउजच्या कापडाच्या घडीतला पुठ्ठा घेऊन मी साइनची लाट कापली होती. ग्राफपेपरवर ठेवायची, सरकवायची, कडेनं पेन्सिल फिरवायची. साइन (x − ६०) ला पुठ्ठा साठ अंश उजवीकडं सरकवला आणि उत्तर बरोबर आलं. मग २x साठी मी निम्म्या रुंदीची, दाबलेली लाट कापली आणि तीही तशीच साठ अंश सरकवली. शिंप्याची पोरगी म्हणून मिरवत होते मी. लाट निम्मी झाली की सरकणंही निम्मं होतं, तीसच अंश, हे माझ्या टाळक्यात शिरलंच नाही.

तुझ्या शिरलं होतं. तू म्हणालीस, “x ला तीस घातलं तर शून्य येतंय की गं, मग लाट तीसपासनं सुरू व्हाय पायजे.” आणि मी काय म्हणाले? “पुठ्ठा काय खोटं बोलतोय व्हय? खोड ते.” तू खोडलंस. अगं, बरोबर होतीस तर खोडलंस कशाला? माझ्या कानाखाली वाजवायची होतीस.

म्हणजे फळ्यावरची ती चूक माझी होती, क्रांती. सरांनी विचारलं तेव्हा तू माझं नाव घेतलं नाहीस आणि मी बाकावर बसून राहिले. नुसती बसले असते तरी चाललं असतं. वर्ग हसला तेव्हा मीसुद्धा हसले. माझ्याकडं कुणी बघू नये म्हणून हसले. तू वळून पाहिलंस, ते मला दिसलं. इतका वेळ तुझ्यावर आणि सरांवर ओरडतेय, ते हे लिहायला लागू नये म्हणूनच. आज तासाला उभी राहून सगळ्यांसमोर सांगितलं, की साठ माझं होतं आणि क्रांतीनं तीस काढलेलं मीच खोडायला लावलं. सर “बस खाली” म्हणाले. बसले नाही, तर तासभर वर्गाबाहेर काढलं. त्याचं काही नाही. तू मला माफ कर असं म्हणत नाही, बाक बदललास तरी चालेल. पण माझ्या चुकीपायी आबांची सही घेऊ नकोस. घेतली असशील तर अर्ज फाड.

तुझीच,
शबनूर