उद्याशेठची गाडी

३ फेब्रुवारी

किल्ली फिरवली आणि वायपर हलले! मिस्त्रीने पुन्हा फिरवली. पुन्हा वायपर. इंजिन ढिम्म.

मी यांच्या खुर्चीमागे उभी होते. वाटलं होतं, आवाज होईल, हे दचकतील, निदान मान तरी वळवतील. यांनी वायपर बघितले आणि डोळे मिटून घेतले.

मिस्त्री यांच्याच हाताखाली शिकलेला, आता त्याचेही केस पांढरे झालेत. म्हणाला, काकू, ही गाडी नाही, कोडं आहे.

४ फेब्रुवारी

लिहून काढते, नाहीतर डोकं फुटेल.

डॉक्टरीणबाई गेल्या वेळी बोलल्या ते असं — उजव्या अंगात बळ येईल, कदाचित नाहीही येणार, पण हे मनाने मिटत चाललेत, त्याची मला जास्त काळजी वाटते. ओळखीचं काहीतरी कानावर पडू द्या. ओळखीचं म्हणजे काय, माझं बोलणं? ते जन्मभर पडतंय कानावर. त्याचा कधी उपयोग झालाय!

म्हणून ही पिकअप. यांनी भंगारातून आणलेली आणि स्वतःच्या हातांनी उभी केलेली. नाक एका गाडीचं, इंजिन दुसरीचं, दारं पाववाल्याच्या गाडीची. एका दारावर अजून ‘ताजा’ एवढं वाचता येतं. मी तिला गोधडी म्हणते. यांना झटका आल्यापासून ती शेडमध्ये उभी आहे, चाकं बसलेली, सीट उंदरांनी कुरतडलेली. तिच्या आवाजाने तरी हे परत येतील. नाही आले तर माझ्याकडे दुसरा काही उपाय नाही. हे कोणाला सांगत नाही, पण नाही.

७ फेब्रुवारी

सगळ्या वायरी लाल. एकूण एक! कधीतरी लाल वायरचं भलंमोठं भेंडोळं मिळालं होतं यांना, ते सगळं हिच्या पोटात घातलं. मिस्त्री डोक्याला हात लावून बसला. मग एक वायर ओढत यांच्यापुढे नेली आणि विचारलं, काका, ही कशाची?

“उद्या.”

ही?

“उद्या.”

झटक्यानंतर यांच्यापाशी एवढा एकच शब्द उरलाय. भूक लागली, उद्या. पाठ अवघडली, उद्या. मी परवा यांच्यासमोर रडले, तेव्हाही उद्या. गॅरेजात आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला आयुष्यभर हेच ऐकवलं, म्हणून तर लोक उद्याशेठ म्हणायचे. जिभेवरचं बाकी सगळं गेलं आणि नेमकं हेच राहिलं. काय म्हणावं या थट्टेला!

मिस्त्री हसला नाही. बाहेर जाऊन तोंड धुऊन आला.

८ फेब्रुवारी

गाडीच्या चोकची मूठ म्हणजे माझ्या स्वयंपाकघरातल्या खणाची मूठ! किती दिवस शोधली होती मी तेव्हा. हेही माझ्याबरोबर ओट्याखाली वाकून वाकून शोधत होते!

११ फेब्रुवारी

लेकीचा फोन. तिच्या ऑफिसात कोणी जुन्या गाड्यांचा शौकीन आहे. त्याचं म्हणणं, अशा गाडीत घातलेलं सगळं बाहेरचं काढून ती कंपनीतून आली तशी करावी, मग तिला मान असतो. मी म्हटलं, कंपनीने केली ती गाडी आम्ही कधी बघितलीच नाही. आमच्याकडे आली तेव्हा तिच्यातून झाड उगवलेलं होतं.

मग ती म्हणाली, “आई, बाबांना आता काही कळत नाहीये गं. तू कोणासाठी करतेयस हे?”

मी फोन ठेवला. शेडमध्ये जाऊन कुरतडलेली सीट झाडत बसले.

१२ फेब्रुवारी

आता मिस्त्रीचंही तेच! सगळ्या वायरी उपटतो, नव्या घालतो, नवी किल्ली बसवतो, चुटकीसरशी सुरू होईल. मी नाही म्हटलं. यांच्या हातचं सगळं काढून टाकायचं, मग आवाज ओळखीचा कसा राहणार? मग ती कोणाचीही गाडी. तो बरं म्हणाला, पण त्याचा चेहरा पडला. त्याला माझी दया येते. ते मला जास्त लागतं.

१६ फेब्रुवारी

आज काही नाही. हे जेवले नाहीत. ओठ घट्ट. मी चमचा धरून बसले, हे भिंतीकडे बघत बसले. दोघंही हटवादी. शेवटी अन्न निवलं.

१९ फेब्रुवारी

सुरू झाली! पण कशाला झाली असं वाटतंय.

मी माझ्या जागेवर बसून आतली काच पुसत होते. मिस्त्री स्टिअरिंगवर बसून उगाच किल्ली फिरवत होता, वायपर हलत होते. माझ्या मनात आलं, याचं काहीतरी चुकतंय. हे असे ताठ बसून गाडी सुरू करायचे नाहीत. आधी डावीकडे वाकायचे, ‘हं’ करायचे, मग गाडी निघायची. कंबर धरते म्हणून वाकतात, असं मी धरून चालले होते. रोज रात्री मलम चोळून द्यायचे मी! आणि हा माणूस मुकाट चोळून घ्यायचा, लबाड कुठला.

मिस्त्रीला म्हटलं, सीटखाली हात घाल. घातला. खाली घराच्या दारावर असते तसली घंटीची कळ! दाबली. गोधडी खोकली, काळा धूर ओकली आणि लागली धडधडायला. तोच आवाज, डब्यात खडे हलवावेत तसा. मला रडू आलं.

धावत यांच्याकडे गेले. यांच्या हातावर माशी बसली होती. हे माशीकडे बघत होते. मी खांदे धरून हलवले, म्हटलं, ऐकलंत का, तुमची गाडी आहे, तुमची!

“उद्या.”

मिस्त्रीला हातानेच खूण केली, बंद कर म्हणून.

इतकी वर्षं मी शेजारी बसले. शेजारी बसून काय बघितलं मी? कंबर!

२० फेब्रुवारी

दिवसभर कोणाशी बोलले नाही. यांच्याशीसुद्धा नाही. मग वाईट वाटलं आणि यांची नखं कापली.

२३ फेब्रुवारी

मिस्त्री म्हणतो, नुसतं ऐकवून काय होणार, काकांना आत बसवून एक फेरी मारू. बुडत्याला काडीचा आधार. पण तळाचा पत्रा सडलाय, पाय खाली जाईल, म्हणून आधी तो बदलतोय. ड्रायव्हरच्या बाजूचा झाला. माझ्या बाजूला येऊन थांबला. विचारतो, काकू, इकडे हे पेडल कसलं?

म्हटलं, खबरदार! तो माझा ब्रेक आहे.

गाडी नवी होती (म्हणजे आमच्यासाठी नवी) तेव्हा हे भन्नाट हाकायचे आणि मी दाराला लटकून ओरडायचे. एकदा घरी येऊन निक्षून सांगितलं, मला माझा वेगळा ब्रेक हवा, नाहीतर मी पायी जाईन. इतरांना उद्या उद्या करणारा माणूस, माझं काम दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तयार! म्हणाले, “हा तुझा. भीती वाटली की दाब.” दाबला की गाडी हळू व्हायची. जोरात दाबला की जोरात. माझं ओरडणं तेव्हापासून बंद झालं. सगळ्या नणंदा-जावांना मी बसवून दाखवलाय तो. कोणाच्या नवऱ्याने केलं असं काही?

मिस्त्रीने तेवढा पत्रा तसाच ठेवला. म्हणाला, राहू दे, जागच्या जागी बरा आहे.

२७ फेब्रुवारी

झालं एकदाचं. आता नाही.

आज फेरी मारली. यांना चढवताना मिस्त्री घामाघूम. मिस्त्री स्टिअरिंगवर, हे मध्ये, मी दाराशी. हे मान खाली घालून बसले. रस्ता नाही, झाडं नाहीत, खाली बघत. चौकापर्यंत ठीक. मग उतार लागला आणि मिस्त्रीने सोडली ना गाडी! मी माझा ब्रेक दाबला. काही नाही. आणखी दाबला. काही नाही! समोरच्या सायकलवाल्याला मिस्त्रीने शेवटच्या क्षणी चुकवलं. पुढच्या वळणावर तेच. मी दाबतेय आणि गाडी आपली सुसाट.

त्यात यांनी पाय आपटायला सुरुवात केली. धड असलेला डावा पाय खाली धाडकन, पुन्हा धाडकन. एकदा तर माझ्या घोट्यावरच बसला. घाबरले असणार. मीही घाबरलेली, मला सुचेना. ओरडले यांच्यावर, “पाय आवरा की जरा!”

यांनी पाय मागे घेतला. मग घरापर्यंत हलले नाहीत.

उतरल्यावर सगळा राग मिस्त्रीवर काढला. पत्रा ठोकताना माझा ब्रेक बिघडवलास म्हटलं. बिचारा शपथा घेतोय, हात लावला नाही म्हणून. सकाळी गाडीखाली शिरून बघतो म्हणाला. बघ बाबा. मला आता त्या गाडीचं काही नको. लेकीला सांगणार, त्या शौकिनाला दे, करू दे कंपनीसारखी. यांना काही कळत नाही. लेक बरोबर होती.

२८ फेब्रुवारी

मिस्त्री गाडीखालून बाहेर आला आणि बराच वेळ हात पुसत राहिला. माझ्या ब्रेकला काही जोडलेलंच नाही. एक स्प्रिंग आहे, बास. कधी काही जोडलं होतं अशी खूणही नाही, म्हणाला.

म्हणजे इतकी वर्षं हे माझ्या पायाकडे बघत होते. मी दाबला की हे दाबत होते.

काल हे मान खाली घालून माझ्या पायाकडेच बघत होते. मी दाबला, यांनी दाबला. उरलेल्या पायाने.

आणि मी म्हटलं, पाय आवरा.