फ्रॉक आत घेताना

५ जानेवारी
मिळालं बाई एकदाचं घर. दोन खोल्या, खिडकीशी माझं शिलाई मशीन, पलीकडे चिमीची कॉट. राहणार आम्ही मायलेकीच, त्यामुळे जागा उरते. मालकीणबाईंची अट एकच: कॉटजवळची काळ्या पानांची कुंडी सांभाळायची, पानं दर रविवारी ओल्या फडक्यानं पुसायची. दमट जंगलातलं झाड आहे, उन्हाचं त्याला वावडं, म्हणाल्या. पुसू की, हात काय झिजतात? चिमीला नवा फ्रॉक शिवला. छाती चोवीस.

१२ जानेवारी
नवं पान फुटलं, मखमलीसारखं. झाडं उजेडाकडे वळतात. हे मात्र खिडकीकडे पाठ करून कॉटवर वाकलंय. चिमीचा फ्रॉक सैल होतोय. वीस वर्षांत माझं माप चुकलेलं नाही. कार्टी डबा मैत्रिणींना वाटत असणार. शिवण आत घेतली.

२० जानेवारी
छाती बावीस. गुडघ्यापर्यंतचा फ्रॉक पोटऱ्यांवर आलाय. टेप सैलावला म्हणून नवा आणला, तरी तेच. शाळेतल्या बाई म्हणतात, डबा चाटूनपुसून खाते. डॉक्टर म्हणतात, ठणठणीत आहे. सहज त्या नव्या पानाला टेप लावला. आठवड्यात दोन इंच वाढलं. मी फ्रॉकमधून आत घेतले तेवढेच.

२३ जानेवारी
मालकीणबाईंना फोन केला. पानं किती झाली, एवढंच विचारत राहिल्या. चिमीचा विषय काढला की पुन्हा पानांवरच येतात. या बाईचं लक्षण मला ठीक दिसत नाही.

२४ जानेवारी
सकाळी कुंडी जिन्यात नेऊन ठेवली. दुपारपर्यंत पानं माना टाकून. तेवढ्यात शाळेतून फोन, चिमी बाकावरच कोसळली. धावत कुंडी आत घेतली. तासाभरात शाळेतून पुन्हा फोन, पोर उठून बसली. म्हणजे टाकायचीही सोय नाही.

२६ जानेवारी
जवळ जो असेल त्याच्याकडे वळतं मेलं. कॉट आतल्या खोलीत हलवली. कुंडी मशीनपाशी ओढली, माझ्या पायाशी. वाक म्हटलं, इकडे वाक.

३० जानेवारी
वाकलं. चिमीला आत घेतलेला फ्रॉक आज घट्ट झाला. शिवणी उसवताना रडूच आलं.

२ फेब्रुवारी
माझा ब्लाउज आत घेतला. दुसऱ्यांदा. सुई टोचू नये म्हणून घालायचा अंगुस्ताना बोटात राहत नाही — ताईला फोन केला, चिमीला घेऊन जा म्हटलं. कारण नाही सांगितलं.

४ फेब्रुवारी
गेली चिमी. ताईनं उंबऱ्यातून मला पाहिलं, काहीतरी विचारणार होती — मी दार लावलं. सुटली पोर.

५ फेब्रुवारी
मालकीणबाई आल्यात. किल्ली त्यांच्याकडेही होती. माझ्याकडे बघतही नाहीत — पानं मोजतायत. चिमीचा उसवलेला फ्रॉक तेवढा पुरा करायचाय, पण पाय — पॅडलपर्यंत पाय पोच—