चार वाजताची गोळी

१६ नोव्हेंबर १९५८

डबी आजपासून माझ्या ताब्यात! लग्न होऊन चार वर्षं झाली. कपाटाच्या किल्ल्या काही मिळाल्या नाहीत, अफू मिळाली.

हे संध्याकाळच्या गाडीने धामणगावला परत गेले. यांची शाळेतली नोकरी तिकडे, त्यामुळे शनिवार-रविवारचा संसार. जाताना दारातच म्हणाले, "एक एप्रिलपासून अफूचं दुकान बंद होतंय. बाबांची एकदम तुटली तर डॉक्टर म्हणतात, सोसणार नाही. तू रोज थोडी थोडी कमी करत जा. त्यांना कळू देऊ नकोस." म्हणजे परवान्यावर आणायची यांनी, आणि चोरी करायची मी!

मामंजी म्हणजे एके काळचे नामांकित वकील. वीस वर्षांपूर्वी पोटशूळ उठला, वैद्याने अफू दिली. शूळ गेला, गोळी राहिली. आता चार वाजले की गोळी, वर साखर घातलेलं दूध, मग आरामखुर्ची. नाक खाजवत, डोळे अर्धे मिटून बसतात. अंगावरून आमची छोटी चारू चढली-उतरली तरी पत्ता नसतो.

१७ नोव्हेंबर

गूळ, कात, आणि कडूपणाला चिराइताची चिमूट. गोळी तेवढीच, माल कमी! मामंजींनी गिळली आणि म्हणाले, "सूनबाई, तुझ्या हाताला चव आहे." पदर तोंडात कोंबून स्वयंपाकघरात पळाले.

काढलेली तिळाएवढी अफू टाकवेना. आमच्या माहेरी भेलीला चिकटलेला कागदसुद्धा धुऊन त्याचं गूळपाणी करत. जुन्या कुंकवाच्या करंड्यात ठेवली.

८ डिसेंबर

मागच्या गल्लीतल्या जिनात कापसातली सरकी काढणं जोरात चालू आहे. दुपारी कापसाचा तूस खिडकीतून आत येतो, उन्हाच्या पट्ट्यात तरंगत राहतो.

जयवंता भांडी घासताना सांगत होती, जिनात जाणाऱ्या सगळ्या बाया लेकरांना अफू चाटवतात. "बोटभर चाटवली का दिवस बुडेलोक हू नाई का चू नाई." मग पातेलं उपडं ठेवत म्हणाली, "माही पयली पोर्गी तशीच निजली, बाई. उठलीच नाई."

माझ्या तोंडून निघून गेलं, "तरी देता?"

"मंग जिनात कोन जाईन?"

पुढचं पातेलं घेतलं तिने. मी आत जाऊन चारूला उगीचच जवळ घेतलं.

२ जानेवारी १९५९

दाढ! तीन दिवस ठणकते आहे. लवंग झाली, तुरटी झाली. शेवटी करंड्यातली मोहरीएवढी दाढेत दाबली. दाढ दुखली की मामंजीही असंच करायचे.

काय सांगू! दुखणं गेलं नाही, नुसतं शेजारच्या खोलीत जाऊन बसलं. तूस तरंगत होता. एकेक कण कुठे उतरतो ते बघत राहिले. जिनाची घरघर लांबून येत होती, कुणी अंगाई म्हणावी तशी. भात करपल्याचा वास आला. उठावंसं वाटलं नाही.

५ जानेवारी

दाढ दुखली.

९ जानेवारी

दाढ नाही दुखली. तरी घेतली.

१४ जानेवारी

संक्रांत. सुगडी मांडली, वाण लुटलं, बायका येऊन गेल्या. सगळं कुणी दुसरीच करत होती आणि मी उंचावरून बघत होते. सगळ्या फार चांगल्या वाटल्या मला. वाकडं बोलणारी ती शेजारीणसुद्धा!

मामंजींची अफू आता नावाला उरली. आज वर्तमानपत्र मागितलं. चारूला तिळगूळ भरवला. आणि चार वाजता गोळी गिळून पुन्हा डोळे मिटले.

३० जानेवारी

मामंजींची गोळी आजपासून निव्वळ गूळ, कात, चिराईत. दोन महिने आधीच जिंकले!

यांना सांगितलं नाही. सांगितलं तर दुकानातून आणणं बंद होईल.

हे वाक्य लिहून मघापासून त्याच्याकडे बघते आहे.

दुपारी फार सुंदर असतं सगळं. भिंतीवरचं ऊन मधासारखं सरकतं. माहेरच्या विहिरीचं पाणी दिसतं, त्यात आई वाकून बघते आहे, मी लहान आहे, कुणाला काही द्यायचं नाही, कुठे जायचं नाही. साखर घातलेलं दूध मीही घेते हल्ली. नाक फार खाजतं. तुसामुळे असेल.

१२ फेब्रुवारी

काल घ्यायची नाही असं ठरवलं. शपथ घेतली, चारूची. दुपारपासून जांभया, डोळ्यांतून पाणी, पोटऱ्या कुणी पिळून काढाव्यात तशा. चारू खाऊ मागत होती, तिच्या थोबाडीत मारली. दोन वर्षांची पोर! तिने रडत माझ्याच कमरेला मिठी मारली.

साडेचारला करंडा उघडला.

माझ्याच्याने सुटत नाही. लिहिलं. आता खोडणार नाही. यांना कळलं तर चारूला माझ्याजवळ ठेवणार नाहीत, आणि ते बरोबरच होईल.

१८ फेब्रुवारी



दुपारी जाग आली तेव्हा करंडा जागेवर नव्हता. चारूही नव्हती. धावत मागच्या ओसरीवर गेले. मामंजी बसलेले. चारू मांडीवर, तिच्या तोंडात त्यांचं बोट. हिरड्या, जीभ, गाल, सगळं तपासत होते. करंडा त्यांच्या मुठीत.

"खाल्ली नाही," म्हणाले. "कपाळाला लावून राहिली होती."

करंड्यातलं म्हणजे कुंकू! चारूच्या कपाळावर भली मोठी काळी टिकली होती. मला दाखवायला तिने मान वर केली.

मामंजी धोतराच्या सोग्याने टिकली पुसत राहिले, डाग जाईपर्यंत. मग म्हणाले, "चार वाजता ह्या घरात एक जण जागेवर नसतो. आधी तो मी असायचो." चारूला मांडीवरून उतरवून, "तुला नाक खाजवताना पाहिलं तेव्हाच बोलायला पाहिजे होतं. चुकलं माझं."

सगळं सांगितलं. दाढ, शपथ, निव्वळ गूळ.

"गूळ ठाऊक आहे मला. चिराईत घातलंस त्याच दिवशी कळलं. वीस वर्षांची जीभ आहे, सूनबाई."

"मग बोलला नाहीत कावून?"

"मलाही सोडायची होती. पण कोणत्या तोंडाने सांगू, की म्हाताऱ्याला धीर नाही? तू इतक्या मेहनतीने फसवून राहिली होतीस, मी फसत गेलो."

करंडा त्यांनी स्वतःच्या पेटीत ठेवला, कुलूप लावलं. "एकदम तोडायची नाही. मी आहे," एवढंच म्हणाले.

२१ फेब्रुवारी

हे आले. जेवताना मोठ्या उमेदीने विचारलं, "बाबा, सुटत आली ना? परवाना परत करून टाकू?"

मी वाढत होते.

मामंजी पानातून मान न काढता म्हणाले, "अजून लागते मला. महिनाभर आणत जा."

यांचा चेहरा पडला. मग संतापले. "तीन महिने ती खपते आहे तुमच्यासाठी! या वयात एवढाही मनाचा निग्रह नाही?" मामंजी ऐकत राहिले. चाळीस वर्षं कोर्टात दुसऱ्यांसाठी भांडले, आज न केलेला गुन्हा कबूल करून भात कालवत होते.

मी नुसती वाढत राहिले. लाज वाटते माझी. यांना मीच सांगेन, पण आधी सुटू दे.

२३ फेब्रुवारी

चार वाजता मामंजींनी गोळी वळून दिली. आकार तेवढाच. चिराईत जरा जास्त झालं होतं. गिळली.

म्हटलं, "मामंजी, तुमच्या हाताला चव आहे."