गाठीचं वय

२ सप्टेंबर

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

तुझं पत्र पोचलं. गुडघा दाखवायला पाच आठवडे रांग, हे वाचून मी पोटभर हसले. नदीपलीकडे सगळ्यांना दवाखान्याचं एकच सरकारी कार्ड, म्हणजे सगळ्यांची एकच रांग, हे तू तिकडे गेलास तेव्हाच मी तुला बजावलं होतं. आता तुझी पाळी, हस. माझ्या डाव्या काखेखाली गाठ आहे. आंघोळ करताना हाताला लागली. दुकानात चष्म्याच्या काचांची जाडी मोजायचा चिमटा आहे, त्याने मोजली. नऊ मिलिमीटर. दुखत नाही. दुखत नाही तीच वाईट, असं म्हणतात ना?

डॉक्टरकडे का जात नाहीस म्हणून ओरडू नकोस. जुन्या दुकानाबरोबर जुना विमा गेला. नव्या मालकांनी नवा काढला, त्यात अट आहे की पहिल्या वर्षात निघालेलं मोठं दुखणं कंपनीचं नाही. वर्ष भरतं वीस नोव्हेंबरला. त्याआधी कुणी डॉक्टरने कागदावर गाठ लिहिली, की ती कायमची जुनी ठरली. आणि पदरचं घालून उपचार करायचे तर राहतं घर विकावं लागेल. म्हणून वीस नोव्हेंबरपर्यंत मला गाठ नाही. ती आहे फक्त या पत्रात, तेव्हा वाचून फाडून टाक. ह्यांना सांगितलेलं नाही. ह्यांच्या तोंडात तीळ भिजत नाही. संध्याकाळपर्यंत लिफ्टवाला माझं सांत्वन करायला येईल.

फोन करू नकोस. फोनवर तू उपदेश करशील आणि मी रडेन, दोन्ही नकोत.

लोभ आहेच, तो असाच बिनअटीचा राहू दे.

तुझी ताई


१० सप्टेंबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र डेपोत वाचलं आणि बस घेऊन निघालो. दोन थांबे न थांबता गेलो. एका आजोबांनी माझ्या सात पिढ्यांचा उद्धार केला तेव्हा भानावर आलो.

कार्डाच्या कचेरीत जाऊन आलो. बहिणीला इथे आणून दाखवता येईल का, असं विचारलं. खिडकीवरची बाई म्हणाली, कार्ड इथे सहा महिने राहिलेल्यांनाच. मग माझं तोंड बघून तिने मला पाणी आणून दिलं. ताई, तू विम्याशी लपंडाव खेळते आहेस, पण लपलेली तू नाहीस, गाठ आहे. ती वीस नोव्हेंबरपर्यंत थांबेल, असं तिने लिहून दिलंय का? हात जोडतो, उद्याच जा.

जेवण टाळू नकोस. माया असू दे, आणि या खेपेला थोडी अक्कलही.

तुझा धाकटा


४ नोव्हेंबर

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

सप्टेंबरअखेर अकरा होती. आज चौदा. चिमटा बिघडला असेल म्हणून एक काच मोजून पाहिली. चिमटा ठीक आहे.

तुझ्या रांगेला हसले, ते मागे घेते. मीही रांगेतच आहे, अकरा आठवड्यांच्या. फरक एवढाच की माझ्या रांगेत मी एकटी आहे, आणि पुढे खिडकी आहे की नुसती भिंत, ते ठाऊक नाही.

परवा मूर्खपणा केला. विमा कंपनीला फोन लावून विचारलं, माझ्या एका मैत्रिणीला असं असं झालं तर? आधी मधाळ आवाजात सूचना झाली की बोलणं नोंदवलं जात आहे. मग पोरीने गोड विचारलं, मैत्रिणीचं नाव काय? मी फोन ठेवला. तेव्हापासून अनोळखी नंबर दिसला की फोन खणात टाकते. काल तीन काचा फोडल्या. मालक म्हणाले, बाई, डोळे तपासून घ्या, आपल्याकडे फुकट आहे.

सोळा दिवस राहिले. तोवर आठवण काढ, पण कुणापुढे नको.

तुझी ताई


२२ नोव्हेंबर

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

काल गेले. डॉक्टरीणबाई चांगल्या आहेत, हात गरम करून मग तपासतात. पेन उचलून त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, कधीपासून आहे? मी आरशासमोर घोकलं होतं. म्हटलं, आज सकाळपासून.

त्यांचा चेहरा सैल झाला. म्हणाल्या, एका दिवसात एवढी वाढली म्हणजे बहुधा पू धरलेली सूज. या गोळ्या घ्या, तीन आठवड्यांनी या. मी आभार मानले. जिन्यात पायरीवरच बसले. घरी येऊन मोजली. सतरा.

एकाच प्रश्नाची दोन बरोबर उत्तरं आहेत रे. एकाने घर वाचतं, एकाने मी. आणि बाई विचारणार एकदाच. गोळ्या घेते आहे. गुलाबी आहेत, दिसायला गोड.

काय करू ते कळव. आयुष्यात पहिल्यांदा तुझा सल्ला मागते आहे, तेवढी किंमत ठेव.

तुझी ताई


२७ नोव्हेंबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं एकही पत्र मी फाडलेलं नाही. धीर झाला नाही. सोबत पाठवतो आहे. प्रत्येकावर तारीख आहे आणि आत मिलिमीटर आहेत. तुझ्या गाठीचं खरं वय जगात एवढ्याच कागदांवर आहे. ते डॉक्टरीणबाईंपुढे ठेव.

माझ्या गुडघ्याची पाळी आली तेव्हा डॉक्टरने मलाही विचारलं होतं, कधीपासून? मी म्हणालो, दोन वर्षं, बायकोपासून लपवलं होतं. त्याने लिहून घेतलं आणि गुडघा वाकवायला सांगितला. संपलं. डॉक्टरशी खरं बोलता येणं ही चैन आहे, हे मला तुझं पत्र येईपर्यंत माहीत नव्हतं. पाच आठवडे रांगेत उभा होतो खरा, पण खोटं बोलायला कुणी लावलं नाही.

घर जायचं तर जाऊ दे. मुलांची खोली तुमची. भांडायला जागा कमी पडेल, एवढंच. आणि भाऊजींना मी फोन केला आहे. शिव्या साठवून ठेव, समोर बसून ऐकेन.

तुझ्या मायेचा हक्कदार,
धाकटा


३ डिसेंबर

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

लिफ्टवाल्याने सांत्वन केलं. म्हटलंच होतं.

परवा डॉक्टरीणबाईंकडे हे बरोबर आले. माझी पर्स छातीशी धरून बसले होते, जणू दुखणं पर्सलाच झालंय. बाईंनी सगळी पत्रं वाचली, तारखेवार लावली आणि फोनवर कुणाला तरी त्याच दिवशी तपासणी करायला सांगितलं. गोळ्या बंद केल्या. मग पेन हातात धरून, मान वर न करता, हळूच म्हणाल्या की कागदावर काय लिहायचं ते तुम्ही सांगाल तसं. भली बाई. मला दार उघडं करून देत होती.

पण पुढे कापणारा डॉक्टर वेगळा, औषध देणारा वेगळा. ते हाच कागद वाचणार. मी म्हटलं, लिहा, दोन सप्टेंबर, नऊ मिलिमीटर. ह्यांनी माझा हात धरला. बाईंनी लिहिलं.

संशय होता तेच निघालं. गुरुवारी शस्त्रक्रिया. कंपनीचं उत्तर काय येईल ते सांगायला ज्योतिषी नको. गुरुवारी सकाळी तू बस चालवू नकोस, माणसं थांब्यांवर राहतील.

मला फार भीती वाटते. हे वाक्य मी तुला आजवर एकदाही लिहिलं नव्हतं. तपासून पाहा म्हटलं असतं, पण ती पत्रं आता बाईंच्या फायलीत टाचलेली आहेत.

हे एक तुझ्याकडे राहू दे. फाडू नकोस.

तुझी ताई